प्रकाशावर प्रकाश आदळला तर?

आपल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. रात्री समोरासमोर आलेल्या गाड्यांचे हेडलाइट एकमेकांतून आरपार जातात, टक्कर वगैरे काही होत नाही. मग प्रकाश प्रकाशावर आदळतच नाही का? आदळतो, पण त्याला ऊर्जा लागते.

आधी मूलकणांचा तक्ता आठवा. सहा क्वार्क, सहा लेप्टॉन, बलं वाहून नेणारे फोटॉन, ग्लुऑन, डब्ल्यू आणि झेड, शिवाय २०१२ मध्ये सर्नला सापडलेला हिग्ज. तक्ता पाठ केला की वाटतं, मूलकण म्हणजे बारीकशी गोटी. पण पुंजयांत्रिकी फोटॉनला एक मुभा देते: अगदी क्षणभर तो क्वार्क-प्रतिक्वार्कची जोडी होऊ शकतो. तेवढ्यात दुसरा जबर ऊर्जेचा फोटॉन आला, तर टक्कर होते आणि कणांचे फवारे निघतात. हेडलाइटच्या फोटॉनकडे जेमतेम दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. समोरासमोरच्या दोन फोटॉनांतून साधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी बनवायची, तरी प्रत्येकाकडे ५ लाख ११ हजार हवेत!

आता पुण्याच्या रोहिणी गोडबोले. हुजूरपागा, एस. पी. कॉलेज, आयआयटी मुंबई, मग १९७९ मध्ये अमेरिकेत पीएचडी. १९९० च्या सुमारास त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. तेव्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर घडवणाऱ्या लांबलचक सरळ कोलायडरचे आराखडे चालले होते. त्यात कणांचे झुबके इतके दाट, की समोरच्या झुबक्याच्या क्षेत्रात वाकताना कण स्वतःच फोटॉन सोडतात. गोडबोले आणि जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांनी गणितानं दाखवलं की काही आराखड्यांत हे फोटॉन आपसात आदळून एवढा कचरा करतील, की हवी ती टक्कर शोधणं कठीण होईल. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, कोड लिहायच्या आधीच डिझाइनमधला बग पकडला. मग आराखडे करणाऱ्यांना हा हिशेब धरावाच लागला.

गोडबोले यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्या गेल्या.

आपल्याकडच्या बऱ्याच पोरापोरींना वाटतं, कॉलेजात मोठं यंत्र नाही, मग हा विषय आपला नाही. पण या कामाला स्वतःचं यंत्र लागलं नव्हतं. विशेष सापेक्षता, पुंजयांत्रिकी आणि संभाव्यता पक्की लागली. यातलं पहिलं पाऊल तुमच्या बीएस्सीच्या अभ्यासक्रमातच आहे, ते फक्त परीक्षेपुरतं वाचू नका. भेटू पुढच्या भागात!