लहान कुत्र्याचे भुंकणे आणि शेजाऱ्याची झोप



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर अर्थकारण, धर्म, राज्यकारभार असे भारदस्त विषय येत राहिले. आज बिलोलीकरांपुढे आम्ही बोलणार आहोत ते घरातल्या लहान कुत्र्याच्या भुंकण्यावर. विषय कळवला तेव्हा चिटणीस हसले. परंतु ज्याच्या भिंतीला भिंत लावून असे कुत्रे आहे, तो खचित हसणार नाही.

आमच्यावर हा प्रसंग घरातच आला. मुलाने एक पांढरे, केसाळ, मांजराहून थोडे मोठे असे कुत्रे आणले, त्याचे नाव मोत्या ठेवले आणि स्वतः नोकरीच्या गावी निघून गेला. शेजारचा तरुण साखर कारखान्यात रात्रपाळीला. तो सकाळी येऊन आडवा व्हायचा आणि नेमका त्याच वेळी मोत्याचा गळा सुटायचा. एके दिवशी तो दारात येऊन म्हणाला, "काका, आठ तास काम, आठ तास झोप, ही घोषणा तुम्हीच आम्हाला शिकवली. आता माझी झोप मी कोणाकडे मागू?"

आयुष्यभर आम्ही फाटकाबाहेर उभे राहून मागण्या मांडल्या. या वेळी फाटकाच्या आत आम्हीच होतो. पुढे चारच दिवसांनी, गल्लीत कोणीतरी विषाची भाकर टाकण्याची भाषा केल्याचे आमच्या मंडळींच्या कानावर आले. तिथे थट्टा संपली.

आम्ही प्रथम जे केले ते सांगायला लाज वाटते. आम्ही ओरडलो. कुत्र्याला वाटले, मालकही आपल्या सुरात सूर मिळवतो आहे. त्याला अधिकच चेव आला. मग वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली. तो आमच्यासमोर गप्प राहू लागला आणि आमची पाठ फिरताच दुप्पट भुंकू लागला. दंडुक्याने मिळवलेली शिस्त किती टिकते, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

एका स्नेह्याने त्याचे तोंड सुतळीने बांधा म्हणून सुचवले. हा सल्ला जीवघेणा आहे. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर टाकते. आपल्या मुलखात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत तोंड बांधलेले कुत्रे उष्माघाताने मरू शकते. विजेचा झटका देणारे गळपट्टे विकत मिळतात, कंठातले पडदे कापण्याची शस्त्रक्रियाही कुठे कुठे करतात. या दोहोंनी आवाज दबतो, कारण तसेच राहते. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, हे तर सांगायलाच नको.

शेवटी आमच्या मंडळींनी युनियनचीच रीत आम्हाला शिकवली. त्या म्हणाल्या, "तक्रार काय आहे ते आधी लिहून तर काढा." आठ दिवस वहीत नोंदी केल्या: किती वाजता भुंकला, समोर काय होते, भुंकल्यावर त्याला काय मिळाले. हा तिसरा रकाना महत्त्वाचा निघाला. पोस्टमन दिसला, मोत्या भुंकला, पोस्टमन निघून गेला. पोस्टमनला पुढच्या घरी जायचेच होते. परंतु मोत्याच्या हिशेबी हा रोजचा विजय होता! जेवताना भुंकला की आम्ही तुकडा टाकत होतो. पाहुण्यांवर भुंकला की हसून उचलून घेत होतो. मोठे कुत्रे असे वागते तर आम्ही घाबरलो असतो. लहान म्हणून कौतुक केले.

बंधूंनो, पुष्कळ मालक कामगार गप्प असेपर्यंत काही देत नाहीत आणि ओरडला की देतात. मग कामगार ओरडायला शिकतो, यात नवल ते काय? मुंबईच्या गिरणीकामगारांची आठवड्याच्या सुटीची मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मांडली आणि सुटी मिळाली १८९० साली. असल्या मालकांवर आम्ही जन्मभर टीका केली आणि घरात मोत्याशी तसेच वागलो.

म्हणून व्यवहार उलटा केला. भुंकत असताना काही द्यायचे नाही; बघायचेसुद्धा नाही. तो श्वास घ्यायला थांबला की हळू आवाजात "चूप" म्हणायचे आणि भाकरीचा चिमूटभर तुकडा द्यायचा. आधी दोन-तीन क्षणांच्या शांततेला, मग दहा, मग तीस. शब्द घरातल्या सर्वांनी एकच वापरायचा. आपल्या गल्लीत मराठी, तेलुगू आणि उर्दू तिन्ही चालतात. कुत्र्याने कोणती समजावी? एक इशारा देऊन ठेवतो. पहिले काही दिवस भुंकणे वाढते. जुनी युक्ती चालेना म्हणून तो जोर लावून बघतो. तिथे कंटाळून तुकडा टाकलात तर अधिक जोराने भुंकायला शिकवलेत, असे समजा. तुकड्यात कांदा, लसूण नको. द्राक्षे, मनुका, चॉकलेटही नको. ही कुत्र्याला विषारी ठरतात.

पोस्टमनसाठी फाटकाच्या खालच्या जाळीला चटई बांधली. रस्ता दिसेनासा झाला, निम्मे काम तिथेच झाले. मग पोस्टमन लांब, पार कोपऱ्यावर असतानाच तुकडा द्यायला लागलो. अंतर दिवसेंदिवस कमी केले.

उरले ते दुपारचे रडके भुंकणे. ते एकटेपणाचे होते. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला. सतत साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो मालकाचा गुन्हा, असे त्याच्या ११ व्या कलमात आहे. कामगार कायद्याची कलमे तोंडपाठ असणाऱ्या आम्हाला हे कलम ठाऊक नव्हते! आता पहाटे ऊन तापण्याआधी फिरवतो. डांबरावर हाताचा पालथा पंजा ठेववेना, तर कुत्र्याचे पायही तिथे नेऊ नयेत. लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. गळ्याला हिसके बसू नयेत म्हणून पट्टा छातीला घालतो. बाहेर जाताना पालथ्या वाट्यांखाली भाकरीचे तुकडे ठेवतो. नाकाने शोधता शोधता तो दमतो. एकटे राहण्याची सवय आधी एका मिनिटाची लावली, मग पाचाची.

भुंकणे अचानक बदलले तर मात्र शिकवण्याच्या फंदात पडू नका. म्हातारे कुत्रे बहिरेपणाने किंवा दुखण्यानेही भुंकते. आवाज घोगरा झाला, गिळता येईना, लाळ गळू लागली, तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. ते पिसाळल्याचे लक्षण असू शकते. दूर राहून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. चावा किंवा लाळेचा संसर्ग झाला असेल तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठा. दरवर्षीची लस चुकवू नये.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत उंच, सडपातळ शिकारी कुत्री आपण कौतुकाने पाहतो. वाघ्या तर स्वतःला मल्हारीचे कुत्रे म्हणवतो. अशा मुलखात कुत्र्याने मुळीच भुंकू नये, असे म्हणणारे आम्ही कोण? मोत्या आजही दारावर अनोळखी माणूस आला की तीन-चारदा भुंकतो आणि आमच्याकडे बघतो. आम्ही "चूप" म्हणतो. शेजारी सहा-सात तास झोपतो. आठ झाले नाहीत, असे त्याने परवाच आम्हाला ऐकवले. लग्नाचा बँड आणि दिवाळीचे फटाके यांवर मात्र आमची वही चालली नाही. त्या वेळी दारे-खिडक्या लावून आतल्या खोलीत आम्ही त्याच्याजवळ बसून राहतो.