आतड्याच्या गाठीतील चार प्रथिने
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या दिवशी कॅन्सरचा विषय काढते, याचा राग मानू नये.

आपल्या शिरोलीत ओतकाम कोणाला नवे नाही. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन कास्टिंगांचा धातू एकच असेल, असे कारखान्यातील जाणता माणूस धरून चालत नाही. तो नमुना तपासून घेतो. मोठ्या आतड्याच्या गाठीचेही तसेच आहे.

गाठ किती खोल गेली, किती पसरली, हे डॉक्टर आधी पाहतातच. परंतु आता काढलेल्या तुकड्यातील प्रथिनेही तपासता येतात. एका पेशीच्या दोन होताना तिच्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल होते. नकलेत चुका राहतात. विणताना सुटलेला टाका आपण उचलतो, तशा त्या चुका काही प्रथिने दुरुस्त करतात. त्यांतील चार मुख्य: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. काचपट्टीवर विशिष्ट द्रव घातला, की प्रथिन असेल तेथे पेशीकेंद्र तपकिरी दिसते.

सुमारे १५ टक्के गाठींत यांपैकी एखादे तरी नसते. नवल असे, की रोग दुसऱ्या टप्प्यात असताना ही उणीव बहुधा सुलक्षण ठरते. रोग उलटण्याचा संभव कमी असतो, आणि पुष्कळांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी लागत नाही. रोग दूर पसरला असेल, तर अशा गाठींवर प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे २०१७ पासून मान्य झाली आहेत.

कधी कधी ही उणीव आनुवंशिक असते. तशी शंका आल्यास रक्त तपासतात. ती खरी ठरली, तर भावंडांनी व मुलांनीही तपासून घ्यावे. अशा घराण्यातील स्त्रियांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

भगिनींनो, शौचातून रक्त गेले तर मूळव्याध समजून, लाजेने झाकून ठेवू नका. घरात कोणाची शस्त्रक्रिया झालीच, तर ‘ही चार प्रथिने पाहिली का?’ असे डॉक्टरांना विचारा. अहवाल जपून ठेवा, आणि मेणात बसवलेला तुकडा कोठे ठेवला आहे तेही विचारून घ्या. पुढे तो आपल्या लेकीबाळींच्याही उपयोगी पडेल.

इतके सांगून आपली रजा घेते.