साच्यांतून वस्तूची सुटका

साबणाची प्लॅस्टिकची डबी घरोघर असते. तिच्या झांकणाची आंतली बाजू उजेडांत धरून पाहिली, तर तेथें बहुधा तीन-चार बारीक वाटोळ्या खुणा दिसतात. पुष्कळांस तो कारखानदाराचा निष्काळजीपणा वाटतो. वस्तुतः ज्या पोलादी सळ्यांनीं तें झांकण साच्याबाहेर ढकललें, त्यांच्या टोंकांचे ते ठसे होत. कारखान्यांत या सळ्यांस ‘इजेक्टर पिन’ म्हणतात. त्यांची चाल यंत्रावर कशी लावावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंत जॉन हायट यानें १८७२ मध्यें दट्ट्याचें यंत्र केलें. १९४६ मध्यें जेम्स हेंड्री यानें दट्ट्याच्या जागीं मळसूत्र आणलें. वितळलेलें प्लॅस्टिक साच्यांत घालणें त्यामुळें सुकर झालें. पण आंत घातलेलें बाहेर काढावयाचें कसें? प्लॅस्टिक गार होतांना आकसतें. पॉलिप्रॉपिलीनचें आकसणें शेंकडा १ ते २.५ इतकें असतें. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढविलेली लोखंडी धाव गार होतांच जशी चाकास आवळते, तशी ती डबी साच्याच्या मधल्या उंचवट्यास आवळून बसते. तिला तेथून सोडविण्यासाठींच पिना.

जाणता कारागीर प्रथम यंत्र हातचालीवर ठेवतो आणि पिनांचा दाब व वेग अगदीं कमी लावतो. उंचवटा २० मिलिमीटरांचा असेल, तर २५ मिलिमीटरांची चाल पुरते. यंत्र अधिक देऊं शकतें म्हणून अधिक घेणें हा केवळ उतावीळपणा होय. आरंभींचे दोन-चार मिलिमीटर सावकाश, वस्तु सुटल्यावर वेगानें, हा क्रम चांगला. पहिलाच धक्का जोराचा बसला, तर पिनेच्या जागीं पांढरा डाग उमटतो किंवा तळ फाटतो. वस्तु पुरती गार झाली नसेल, तर पिना तिच्यांत रुततात. अशा वेळीं दाब वाढविण्यापेक्षां गार होण्यास दोन सेकंद अधिक द्यावेत.

येथवरची चूक झाली तर एक डबी वाया जाते. खरा धोका पिना मागें येण्यांत आहे. त्या बाहेर असतांनाच साचा मिटला, तर शंभर टनांचें यंत्र त्यांना समोरच्या भागावर दाबतें. पिना वांकतात, लाखो रुपयांच्या साच्यावर ओरखडे पडतात. म्हणून ‘पिना मागें आल्या’ अशी खूण मिळाल्यावांचून साचा मिटूं नये, अशी योजना यंत्रांत करतात. तींत एक मेख आहे. पुष्कळ साच्यांत यंत्राचा दांडा पिनांच्या पाटीस जोडलेला नसतो. तो तिला नुसता ढकलतो, आणि पाटी मागें आणतात त्या साच्यांतील स्प्रिंगा. स्प्रिंग तुटली तर दांडा मागें येतो, पाटी मात्र पुढेंच अडकते, आणि दांड्याचें मोजमाप पाहणारें यंत्र सर्व ठीक समजून साचा मिटवितें. म्हणून खूण देणारा सेन्सर दांड्यावर न बसवितां प्रत्यक्ष पाटीवरच बसविला पाहिजे.

हा सेन्सर कधीं तेलानें माखतो, कधीं त्याची तार सैल होते, आणि यंत्र वारंवार अडतें. मग रात्रपाळींत माल कमी पडूं नये म्हणून कोणी तरी दोन तारा जोडून यंत्राची समजूत घालतो. सकाळपर्यंत माल मिळतोहि. पुढल्या पाळीच्या मनुष्यास मात्र त्या तारांची वार्ता नसते.

नीट चालणाऱ्या कारखान्यांत, साचा चढविल्यावर माल काढण्यापूर्वीं, एक लहानशी परीक्षा घेतात. सुरक्षेचें दार लावून कारागीर त्या सेन्सरची जोडणी बाहेरून मुद्दाम काढतो आणि साचा मिटविण्याचें बटण दाबतो. यंत्र हललें नाहीं, म्हणजे तो जोडणी पुन्हां बसवितो आणि पहिली डबी काढावयास लागतो.