कागदी नळ्यांचं घर

१९९५ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला. वास्तुरचनाकार शिगेरु बान यांनी बेघरांसाठी कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं उभारली. पायात वाळूच्या पिशव्या भरलेले बिअरचे क्रेट. गरज संपली, की नळ्यांचा पुन्हा कागद करता येतो.

२००१ च्या गुजरातमधल्या भूकंपानंतर घराची ही रचना भुजला आली. पण तिथं क्रेट मिळेनात, गुजरातेत दारूबंदी! मग पडलेल्या घरांचा राडारोडा पायात गेला, वर मातीची जमीन झाली. छपराला बांबूच्या कमानी, त्यांवर वेताच्या चटया, दोन चटयांमध्ये ताडपत्री. कडेच्या चटयांना बारीक भोकं असल्यानं हवा खेळायची. त्यामुळे आत चूल पेटवता यायची, आणि धुरानं डासही पळायचे.