दारापासून दारापर्यंत

(वसंत व्याख्यानमालेत डोंबिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



शहरात जागा घेताना रोजच्या जाण्यायेण्याचा हिशेब कसा मांडावा, हा आजचा विषय. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी उभी नोकरी लोकलच्या पासावर काढली आहे. गर्दी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. म्हणून तिच्याबद्दल कमी बोलतो आणि ज्याचा हिशेब आपण सहसा मांडतच नाही त्याबद्दल जास्त.

डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 48 किलोमीटर. फास्ट लोकलने तास-सव्वातास. घर घ्यायचं ठरतं तेव्हा घरात एवढाच आकडा बोलला जातो. पण कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या नव्या इमारतीतून निघालेला माणूस आधी रिक्षासाठी थांबतो, मग स्टेशनच्या अलीकडच्या कोंडीत अडकतो, पूल चढतो, पाय ठेवायला जागा नाही म्हणून एक गाडी सोडतो. पलीकडे ऑफिस फोर्टात असेल तर उतरून चालत गाठता येतं. पण आज ते बहुतेकदा असतं वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत), पवईत नाहीतर अंधेरीत. म्हणजे कुर्ल्याला किंवा घाटकोपरला उतरायचं, पुलावर इंचाइंचानं सरकायचं आणि मग शेअर रिक्षा, बस किंवा मेट्रो. गाडीतला वेळ आहे तेवढाच राहतो आणि दोन्ही टोकांना मिळून आणखी एक तास सहज जातो. माझं ठाम मत आहे की घर निवडावं ते या दोन टोकांवरून.

ही टोकं इतकी का लांबली, हे थोडं मागे जाऊन पाहायला हवं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हापासून या शहराचा प्रवास उत्तर-दक्षिण असाच आखला गेला. कचेऱ्या, बंदर, बाजार दक्षिणेला. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती उभ्या राहिल्या. 1925 मध्ये विजेवरची लोकल सुरू झाली, आणि फोर्टात नोकरी करून उपनगरात राहणं साध्या कारकुनाच्याही आवाक्यात आलं. गिरणगावात तर भोंगा झाला की चालत कामावर जाता येई. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसं राहत, सार्वजनिक संडासापुढे रांग लागे. त्या जगण्याचे गोडवे मी गाणार नाही. पण कामगाराचा दिवस प्रवासात जात नव्हता, ही त्या चाळींची बाजू आपण विसरून गेलो आहोत.

पुढे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. मालकांना नव्या चाळी बांधण्यात किंवा जुन्या दुरुस्त करण्यात रस उरला नाही. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, आणि गिरगाव, दादर, परळमधली मराठी कुटुंबं मालकीच्या घरासाठी बोरिवली, ठाणे, डोंबिवली, विरार अशी सरकत गेली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या तसं गिरणगावात राहण्याचं कारणही संपलं. घरं उत्तरेला आणि पूर्वेला गेली, हे एक. त्यामागोमाग नोकऱ्याही हलल्या, पण त्या आपल्या दिशेनं आल्या नाहीत. सीप्झ, पवई, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल अशा त्या विखुरल्या. रूळ उभे आणि नोकऱ्या आडव्या, अशी आजची मुंबई आहे. मध्य रेल्वेवर राहून पश्चिम उपनगरात नोकरी करणाऱ्याचे हाल त्यामुळेच होतात.

यावर एक उत्तर फार पूर्वी सुचवलं गेलं होतं. 1965 च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. 1970 मध्ये ते शहर वसवायला सिडको आली. माणसानं जिथे राहावं तिथेच काम करावं, हा त्या आराखड्याचा गाभा. घरं झाली, पण मंत्रालय हललं नाही, आणि मंत्रालयाभोवतीचं जगही हललं नाही. 1992 मध्ये मानखुर्दहून वाशीला रेल्वे पोहोचली, तोवर वाशीकर बसनं पूल ओलांडून मुंबई गाठत होते. नंतर महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात आयटी कंपन्या आल्या, 2004 मध्ये ठाणे-वाशी गाडी सुरू झाली, आणि आज ठाण्यात राहून ऐरोलीत काम करणाऱ्याचा प्रवास या महानगरातल्या त्यातल्या त्यात सुसह्य प्रवासांपैकी आहे. एका जागी बसायचं, मध्ये गाडी बदलायची नाही. मूळ कल्पना खरी ठरायला तीन दशकं लागली, तरी ती ठरली. नव्यानं घर शोधणाऱ्या जोडप्यांना मी हा पट्टा आवर्जून बघायला सांगतो.

बदल किती, हे मिनिटांपेक्षाही महत्त्वाचं आहे. एका गाडीत पन्नास मिनिटं बसून जाणं आणि रिक्षा, गाडी, मेट्रो असं तीनदा बदलत तीच पन्नास मिनिटं काढणं यांत घड्याळाला फरक दिसत नाही, गुडघ्यांना दिसतो. प्रत्येक बदलाला एक पूल, एक रांग आणि चुकण्याची एक शक्यता असते. शिवाय गाडी कुठून सुटते ते बघा. आपल्या स्टेशनातून सुटणारी लोकल असेल तर बसायला मिळतं. नसेल तर माणसं रिटर्न करतात, म्हणजे जायचं मुंबईला आणि आधी कल्याणच्या दिशेनं बसतात. सीटसाठी रोज वीस मिनिटं उलटं जाणारा माणूस त्या सीटची किंमत बरोबर ओळखून असतो. फ्लॅटच्या जाहिरातीत जलतरण तलाव असतो, पण आठच्या आसपास स्टेशनातून सुटणाऱ्या गाड्या किती, हे कधीच नसतं.

आणि जाहिरातीतली मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या पहिल्या मार्गाची पायाभरणी 2006 मध्ये झाली. तो मार्ग 11.4 किलोमीटरचा. त्यावर गाडी धावली जून 2014 मध्ये. पहिलीत गेलेलं मूल तेवढ्यात नववीत जातं. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो 2024 आणि 2025 मध्ये टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, तिनं बीकेसीला हक्काचं स्टेशन दिलं, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण होऊ घातलेल्या मार्गाच्या भरवशावर वीस वर्षांचं कर्ज काढू नका. जो मार्ग आज चालू आहे, त्यावरच हिशेब मांडा.

स्वित्झर्लंडच्या ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या माहितीवरून एक निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध केला. लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घरानं किंवा जास्त पगारानं होत असावी, असा अर्थशास्त्राचा समज. प्रत्यक्षात लांबून येणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळली. मला यात नवल वाटत नाही. मोठ्या हॉलची सवय महिन्याभरात होते, उघड्या दारापाशी लोंबकळण्याची होत नाही. रोजचे तीन तास वर्षातले 280 दिवस गेले तर 840 तास होतात, म्हणजे पुरे 35 दिवस आणि 35 रात्री. पास स्वस्त आहे म्हणून अंतरही स्वस्त वाटतं, ही आपली मोठी फसगत आहे. आणि किंमत नेहमी वेळेतच मोजावी लागते असंही नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गाड्यांच्या दारांतून माणसं खाली पडली आणि काही घरी परतलीच नाहीत. ती आपल्याच लाइनवरची माणसं होती.

आता बायकांबद्दल. लोकलमध्ये शेंगा सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बाईचं फार कौतुक होतं, फोटो छापले जातात. मला ते कौतुक सहन होत नाही. ती भाजी गाडीत निवडते, कारण घरी गेल्यावर तिला वेळ उरणार नाही, हे घर घेताना कुणी विचारात घेतलेलं नसतं. दोघं नोकरी करत असतील तर अजूनही बहुतेक घरांत नवऱ्याच्या ऑफिसवरून जागा ठरते. खरं तर ज्याच्यावर मुलांची शाळा, पाळणाघर आणि म्हाताऱ्यांचं औषधपाणी आहे, त्याचा प्रवास आधी धरायला हवा. पाळणाघर सातला बंद होत असेल आणि आई साडेसातला स्टेशनात उतरत असेल, तर त्या घराचं क्षेत्रफळ कितीही असो, ते घर त्या कुटुंबासाठी चुकीच्या जागी आहे.

पैसे नाहीत म्हणून लांब जावं लागतं, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि स्टेशनजवळ परवडणारी घरं बांधून घेणं हे सरकारचं काम आहे, त्यासाठी आपण भांडलंही पाहिजे. पण एक रस्ता आपण स्वतःच बंद करून घेतो. मालकीचं घर बदलापूरला आणि भाड्याचं ऑफिसजवळ, असं करणाऱ्याला नातेवाईक नावं ठेवतात. भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हे आपल्या आधीच्या पिढीचं वाक्य. नोकरी दर चार-पाच वर्षांनी बदलणाऱ्या पिढीला ते लागू नाही. मुलं लहान आहेत तेवढी वर्षं भाड्यानं जवळ राहावं, स्वतःचं घर भाड्यानं द्यावं, यात कमीपणा काही नाही.

जागा बघायला आपण रविवारी दुपारी जातो, बिल्डरच्या गाडीतून. त्या वेळी रस्ता मोकळा असतो आणि मेगाब्लॉकमुळे लोकलचा विषयच निघत नाही. माझी तुम्हाला विनंती आहे. टोकन देण्याआधी जुलैतला एखादा कामाचा सोमवार निवडा. सकाळी आठला त्या इमारतीच्या दारातून निघा, ऑफिसच्या दारापर्यंत जा, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळीच परत या. नवरा-बायको दोघांनीही, आपापल्या ऑफिसला. मग काय ते ठरवा.