कागदाचें प्रार्थनामंदिर

जपानांतील कोबे हें डोंगर आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत वसलेलें मोठें बंदर. १७ जानेवारी १९९५ रोजीं पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनीं तेथील भूमि सुमारें २० सेकंद हादरली. तेवढ्या अवधींत शहराची दैना उडाली. भूकंपांतील मृतांची एकंदर संख्या ६,४०० च्या वर गेली.

नागाता नांवाच्या भागाची स्थिति विशेष शोचनीय झाली. लांकडी घरें एकमेकांस खेटून उभीं, मधूनमधून पादत्राणांचे छोटे कारखाने, आणि जमिनींतील नळ फुटल्यामुळें बंबवाल्यांस पाणी मिळेना. आग वाटेल तशी पसरली. ताकातोरी येथील कॅथलिक चर्चहि तींत भस्मसात् झालें. आवारांतील ख्रिस्ताची मूर्ति मात्र हात पसरून होती तशीच उभी राहिली. भाविकांनीं त्यांत चमत्कार पाहिला. त्यांची ती समजूत मोडण्याचें कांहीं कारण नाहीं.

या चर्चच्या उपासकांत बरेच जण व्हिएतनामी निर्वासित होते. मायदेशांतील युद्धानंतर त्यांनीं जपानचा आश्रय घेतला होता आणि नागातांतील कारखान्यांत त्यांचें पोट चाले. भूकंपानंतर ते सार्वजनिक उद्यानांत तंबू ठोकून राहिले. सरकारनें तात्पुरतीं घरें बांधलीं होतीं, पण पुष्कळशीं दूर, शहराच्या कडेला. तिकडे जावें तर रोजगार सुटतो, मुलांची शाळा सुटते. शिवाय जपानी भाषा अनेकांस धड येत नव्हती. पाऊस आला कीं तंबूंत पाणी शिरे. या वस्तीची कायमची झोपडपट्टी होईल, ती उठवावी, अशी कुजबुज शेजारपाजारीं सुरू झाली. संकटांत माणसें एक होतात असें म्हणण्याची रीत आहे. तें नेहमींच खरें नसतें.

शिगेरू बान या तरुण वास्तुशास्त्रज्ञानें या लोकांची हकीकत वाचली आणि तो टोकियोहून ताकातोरीस आला. कापडाच्या ताग्याच्या आंत जी पुठ्ठ्याची नळी असते तशाच जाड नळ्यांनीं इमारती उभ्या करण्याचा त्याचा अभ्यास होता. कागदाचें चर्च बांधूं या, असें त्यानें तेथील धर्मगुरु फादर हिरोशी कांडा यांस सुचविलें. ज्यांचें चर्च नुकतेंच जळून खाक झालें त्यांना ही सूचना थट्टेसारखी वाटली असल्यास नवल नाहीं. शिवाय लोक तंबूंत असतां देवासाठीं घर बांधणें फादरांस पटेना. बान मात्र चिकाटीचा. तो रविवारच्या उपासनेस वारंवार येऊं लागला. अखेर, पैसा आणि मनुष्यबळ त्यानेंच जमवावें, या बोलीवर त्यास संमति मिळाली. आणि चर्चबरोबर माणसांचीं घरेंहि उभीं राहूं लागलीं.

घरांची रचना मोठी युक्तीची होती. पाया म्हणून बिअरच्या बाटल्यांचे रिकामे खोके मांडावयाचे व त्यांत वाळूच्या पिशव्या भरावयाच्या. भिंतींस कागदाच्या नळ्या एकीशेजारीं एक उभ्या करावयाच्या. वर तंबूचें कापड. बहुतेक काम विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनींच केलें. अशीं वीसांहून अधिक घरें उभीं राहिलीं. नीटनेटकीं घरें दिसूं लागल्यावर झोपडपट्टीच्या तक्रारीचा मुद्दाच उरला नाहीं.

चर्चसाठीं ५८ नळ्या लागल्या. प्रत्येक नळी ५ मीटर उंच आणि सुमारें ३३ सेंटिमीटर व्यासाची. त्या लंबवर्तुळाकार उभ्या केल्या, वर पांढऱ्या कापडाचें छत ताणलें. दिवसा त्यांतून मंद उजेड झिरपे. रात्रीं इमारत कंदिलासारखी दिसे. सुमारें १६० स्वयंसेवकांनीं पांच आठवड्यांत हें काम केलें, आणि सप्टेंबर १९९५ मध्यें मंदिर खुलें झालें. उपासना तर तेथें होईच, पण सभा, गाणें-बजावणें, भेटीगांठी यांनाहि तेंच स्थान झालें.

याच आवारांतून आणखी एक काम सुरू झालें होतें, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांस तें विशेष वाटेल. परक्या भाषेंतील सूचना न समजल्यानें निर्वासितांचे फार हाल झाले होते. म्हणून चर्चमध्यें लहानसें नभोवाणी केंद्र उघडून व्हिएतनामी, स्पॅनिश, टागालोग इत्यादि भाषांत माहिती देण्यांत येऊं लागली. पुढें कोरियन रहिवाश्यांचें केंद्र त्यास मिळालें व १७ जानेवारी १९९६ रोजीं, भूकंपाच्या वर्षदिनीं, दोहोंचें मिळून ‘एफ्. एम्. वाय्. वाय्.’ हें रीतसर केंद्र सुरू झालें. १९२३ च्या टोकियोच्या भूकंपांत खोट्या अफवांवरून कोरियन लोकांच्या कत्तली झाल्या होत्या. ती आठवण ज्या समाजांत जिवंत आहे, त्याला खरी बातमी आपल्या भाषेंत वेळेवर कानीं पडणें म्हणजे काय, हें सांगावयास नको.

कागदाचें मंदिर थोड्या दिवसांची सोय म्हणून उभारलें होतें. तें दहा वर्षें टिकलें. २००५ सालीं तें उतरविण्यांत आलें, आणि बाननेंच आंखलेलें पक्कें चर्च २००७ मध्यें त्या जागीं पुरें झालें. पण उतरविलेल्या नळ्या टाकून देण्यांत आल्या नाहींत. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपांत तैवान बेटावर दोन हजारांवर माणसें दगावलीं. त्यांत पुली शहराजवळचें ताओमी नांवाचें खेडें उद्ध्वस्त झालें होतें. कोबेच्या लोकांनीं आपलें मंदिर त्या खेड्यास दिलें. समुद्रापार नेऊन तें तेथें पुन्हा जोडण्यांत आलें, आणि २००८ पासून एका तळ्याच्या कांठीं उभें आहे.