निसर्गदत्त हक्क आणि कोकणचे कूळ

(बुरोंडी, ता. दापोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मासेमारीवर जगणाऱ्या या गावात जॉन लॉकचे नाव घेणे वाटते तितके अप्रस्तुत नाही. मालकी हक्क कोठून उत्पन्न होतो हे सांगताना या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मासळीचेही उदाहरण घेतले आहे. समुद्र सर्व मानवजातीचा. पण श्रम करून जो मासा पकडील, त्याचा तो मासा. हक्क निर्माण होतो तो श्रमाने, राजाच्या सनदेने नव्हे. जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता हे हक्क राज्यसंस्थेच्याही आधीचे आहेत आणि ती ते तुडवू लागली तर तिला उलथून टाकण्याचा अधिकार प्रजेला आहे, हा त्याचा सिद्धांत. अमेरिकेच्या १७७६ च्या आणि फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यांत तो क्रांतीची भाषा होऊन अवतरला.

पण त्याच प्रकरणात लॉक सहज आणखी एक गोष्ट सांगून जातो. माझ्या नोकराने जे कापून आणले, ते माझे! अर्थशास्त्र शिकवताना ही ओळ मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावीत असे. सारी मेख तिच्यात आहे. अमेरिकेच्या जाहीरनाम्याचा लेखक जेफरसन गुलामांचा धनी होता. फ्रान्सने मालमत्तेचा हक्क पवित्र ठरवला, तेव्हा वसाहतींतील मळ्यांवरचे गुलाम त्या मालमत्तेतच मोजले जात होते. त्या जाहीरनाम्याचा खरा अर्थ १७९१ साली बंड करून १८०४ साली हैतीचे स्वतंत्र राज्य स्थापणाऱ्या गुलामांनी पॅरिसला शिकवला.

ही मेख आपल्या जिल्ह्याला परकी नव्हती. डोंगरउतार फोडून भात-नाचणी पिकवावी कुळाने आणि अर्धेल, तिर्धेल न्यावे खोताने; वेठ आणखी वेगळी. खोतही मालमत्तेच्या हक्काचीच भाषा बोलत. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे असे सांगणाऱ्या लोकमान्यांच्या घराण्याकडे याच तालुक्यातील चिखलगावची खोती होती, आणि खोती कायद्याच्या वादात 'केसरी'ने खोतांचीच बाजू घेतली. लोकमान्यांची थोरवी यामुळे उणावत नाही. परंतु राष्ट्राचा जन्मसिद्ध हक्क कुळाच्या बांधापाशी येऊन का थबकला, हा प्रश्न टाळताही येत नाही.

तो बांध ओलांडला जोतीराव फुल्यांनी. मानवी हक्कांवरील थॉमस पेनचा ग्रंथ त्यांनी तरुणपणीच वाचला होता. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. कोकणची भूमी ज्याने समुद्रातून काढली असे आपण बालपणापासून ऐकतो, त्या चिरंजीव परशुरामाला हजर होण्याची जाहीर नोटीसही त्याच पुस्तकात आहे.

पुढे महाड. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी त्या सभेची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी केली. जन्मसिद्ध समान हक्कांचा जाहीरनामा तेथे मंजूर झाला आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. येथे निसर्गदत्त हक्क खाजगी मालमत्तेपासून सुटून सार्वजनिक पाण्याला येऊन भिडला. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला खरा. मात्र बंदीची रूढी अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झाले नाही, एवढ्याच आधारावर. रूढी सिद्ध झाली असती तर माणसाचा हक्क कोठे गेला असता?

जमिनीचा हक्क न्यायालयाने दिला नाही, चळवळीने दिला. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप पुकारला आणि तो वर्षानुवर्षे चालवला. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, आणि कायदा झाला तो १९४९ साली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळली गेली. लॉकच्या त्रयीतील तिसरे पद आपण खाली उतरवले ते असे.

आता बंदराकडे पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातील यांत्रिक नौकांवर नेपाळातून आलेले खलाशीही जाळी ओढतात. मासा पकडील त्याचा, हे लॉकचे म्हणणे खरे धरले, तर ती मासळी कोणाची? या प्रश्नावर तुमच्यातील नौकामालक आणि खलाशी या दोघांचेही म्हणणे ऐकावे, म्हणून मी येथेच थांबतो.